टेकडीच्या पायथ्याचा दिवा

आटपाट शहराच्या मधोमध एक टेकडी होती. पायथ्याचा दिवा स्वतःला तिचा राजाच समजे. एकदा वस्तीची बैठक भरली. वैजयंताकाकू म्हणाल्या, "आपण चाचपडत चालू, पण काजव्यांना अंधार हवा. हा दिवा बंद करू या." सगळ्यांनी माना डोलावल्या.

दिवा शेजारच्या बेहड्याच्या झाडापाशी कुरकुरला, "आयुष्यभर जळलो, त्याचे हेच पांग फेडले!"

बेहडा म्हणाला, "जरा दम धर, बाबा."

दिवा विझला. कित्येक दिवस नुसता काळोख होता. मग एका तिन्हीसांजेला बेहड्याच्या पानांत एक काजवा लुकलुकला, पाठोपाठ दुसरा, आणि बघता बघता अख्खं झाड श्वास घेतल्यासारखं उजळू-विझू लागलं. माणसं जागीच खिळली.

दिव्यानं हळूच विचारलं, "बेहडेदादा, उद्याही मला बंदच ठेवतील ना?"