आप्पा डोंगराचा निरोप

एक होतं गाव. गोष्टीत राजाही आहे, पण तो मागाहून येतो. राजांना वेळेवर यायची सवय नसते. तर आधी गाव. त्याचं नाव बोरखिळे.

बोरखिळ्याला एक नदी होती. ती पावसाळ्यात चार महिने हजर असायची, बाकीचे आठ महिने रजेवर. एक वेस होती, तिला दोन बुरूज. एक बांधलेला, आणि दुसरा बांधायचा ठरलेला. लढाई म्हणाल तर एकही झाली नाही. दोनदा सैन्यं आली होती, पण गावाने त्यांना म्हटलं, आधी जेवून घ्या. जेवल्यावर कोणालाच लढावंसं वाटेना. झाला इतिहास. पण माणसं मोठी गुणाची, बरं का.

गावाच्या मावळतीला एक डोंगर होता. त्याला सगळे आप्पा म्हणत. आप्पांच्या पोटातून एक झरा निघायचा, भर वैशाखातही न आटणारा. सगळं गाव त्याचंच पाणी प्यायचं. आणि त्या झऱ्यावर ठकूबाई परटीण गावाची धुणी धुवायची. एकटीच होती. जिभेने फटकळ, पण तिने धुतलेलं धोतर उन्हात धरलं तर डोळे दिपायचे.

आता राजा. तो राहायचा तीन दिवसांच्या वाटेवर, सपाट मुलखात. इतका सपाट, की आज निघालेला पाहुणा परवापर्यंत दिसत राही. राजाकडे हत्ती होते, घोडे होते, सात मजली महाल होता. डोंगर तेवढा नव्हता. संध्याकाळी सूर्य बिचारा आडोसा शोधून शोधून शेवटी उघड्यावरच मावळायचा. राजाला याची फार लाज वाटे. मग एक दिवस तो घोड्यावर बसला, बोरखिळ्याला आला आणि थेट डोंगरापुढे उभा राहिला.

"आप्पासाहेब, माझ्याकडे चला," राजा म्हणाला. "रोज चौघडा वाजवीन. अंगभर फुलबाग लावीन. इथं काय ठेवलंय?"

आप्पांनी खाली पाहिलं. पोटावर कोणाच्या तरी मिरच्या वाळत होत्या. खांद्यावर शेरडं चरत होती. पायाशी दोन बाया वांग्यांवरून भांडत होत्या. हजार वर्षं हेच चाललं होतं. आप्पा म्हणाले, "येतो."

आणि उठले. डोंगराला पाय नसतात हे मलाही ठाऊक आहे. मध्ये बोलू नका.

मग रांजणातलं पाणी हिंदकळलं, फळीवरची भांडी खाली आली, लोक बाहेर धावले. बघतात तर आप्पा चाललेत! आणि गाईमागे वासरू जावं तसा झरा त्यांच्यामागे चाललाय. ठकूबाईच्या हातात साबण लावलेलं लुगडं होतं. ते हातातच राहिलं. पाणी तिच्या पुढ्यातून उठून गेलं.

आप्पा गेले तर पाणी गेलं, आणि पाणी गेलं तर गाव गेलं. हे सगळ्यांना कळलं. पण बोरखिळ्याची एक रीत होती. जाणाऱ्याला अडवायचं नाही. 'नका जाऊ' असं म्हणायचं नाही, त्याने जाणाऱ्याचा पाय जड होतो. मात्र त्याला तसाच सोडायचाही नाही. दाराशी, वेशीशी आणि शिवेशी, असा तीनदा निरोप द्यायचा. सकाळी "निघतो" म्हणालेला पाहुणा दिवेलागणीपर्यंत गावातच सापडे.

पाटील डोळे पुसत म्हणाले, "ठकूबाई, तू सांग ना आप्पांना. तुझं ऐकतील."

"वा! रीत घातली तुमच्या आज्यानं, आणि मोडायची मी?" ठकूबाई म्हणाली, आणि घरात गेली. बाहेर आली ती दह्याची वाटी घेऊन.

जाणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, हा दाराशी द्यायचा निरोप. आप्पांनी हात पुढे केला. तळवा खळ्याएवढा! वाटीने काय होतंय? मग शेजारीण धावली, मग तिची जाऊ धावली, मग गावातल्या सगळ्या बायका मडकी घेऊन धावल्या. घरात थेंबभर दही उरलं नाही. आप्पांनी चाटून पाहिलं.

"आंबट आहे," ते म्हणाले.

"आजवर तुमच्या सावलीत ठेवत होतो, म्हणून गोड लागायचं," ठकूबाई म्हणाली. "ऊन आलं ना आता चुलीपर्यंत."

राजा म्हणाला, "चला, चला."

मग आली वेस. तिथे शिदोरी द्यायची. डोंगर खातो काय, यावर जोरात वाद झाला. वाणी म्हणाला दशम्या, गुरव म्हणाला नारळ, कोणी म्हणालं पिठलं. शेवटी सगळंच आणलं. पण एवढं बांधायचं कशात? ठकूबाईने धुवायला आलेली सगळी लुगडी, धोतरं एकाला एक गाठ मारून जोडली आणि गाठोडं बांधलं. कोणाचं काय गेलं, कोणी विचारलं नाही. पाटलांचं ठेवणीतलं उपरणं गेलं, तेव्हा ते फक्त खाकरले. आप्पांनी गाठोडं काखेत घेतलं. वेशीतून निघताना त्यांचं कोपर लागून बुरूज ढासळला. गाव म्हणालं, "असू द्या आप्पा, दुसरा बांधायचाच आहे."

मग आली शीव, गावाच्या उगवतीला. तिथे एकच गोष्ट विचारायची. परत कधी? जाणाऱ्याने दिवस सांगायचा. लेक पंचमी सांगे, फौजेतला गडी दसरा सांगे. आणि त्या दिवशी गाव त्याच्या नावाने ताट वाढून ठेवी. येवो न येवो, ताट वाढलेलं.

ठकूबाईने विचारलं, "आप्पा, परत कधी यायचं?"

"परत कसलं?" राजा म्हणाला. "कायमचेच चाललेत." मग गावाची तोंडं बघून तो आप्पांच्या जवळ सरकला. "दसरा म्हणा आणि चला."

आप्पांनी ठकूबाईला विचारलं, "दसरा म्हटलं आणि आलो नाही तर?"

"तर ताट वाढून वाट बघू. त्या वर्षी, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. आमचं आम्ही बघू. तुम्ही सुखानं जा."

आता डोंगराला खोटं बोलता येत नाही, बरं का. उन्हातान्हात एका जागी उभं राहणाऱ्याला ते जमतच नाही. आप्पांनी दसरा म्हणून पाहिलं, तोंडातून निघेना. पाडवा म्हणून पाहिलं, निघेना. 'कधीच नाही' म्हणावं, तर समोर सगळं गाव उभं.

"थांबा," आप्पा म्हणाले. "विचार करून सांगतो." आणि शिवेवर धप्पकन बसले.

राजा थांबला. तीन दिवस थांबला, तीन महिने थांबला, तीन पावसाळे थांबला. रोज कोणी ना कोणी त्याला जेवायला नेई. राजा जाडजूड झाला, घोडा त्याला बघून दचकायला लागला. शेवटी राजा म्हणाला, "बरं, मी निघतो."

मग त्याच्याही हातावर दही पडलं, त्यालाही शिदोरी मिळाली. शिवेवर ठकूबाईने विचारलं, "परत कधी, महाराज?" राजाने आप्पांकडे पाहिलं. मग म्हणाला, "दसऱ्याला येतो." आणि आला हो! दर दसऱ्याला आला. डोंगराआडून सूर्य उगवताना बघायचा, पोटभर जेवायचा आणि पुढच्या दसऱ्याचा वायदा करून जायचा.

तेव्हापासून बोरखिळ्यात सूर्य उशिरा उगवतो, आणि त्याला बघून गावही. झरा आला होता गल्ल्यागल्ल्यांतून, तो आता घराघराच्या दारावरून वाहतो. ठकूबाई उंबऱ्यात बसून धुणं धुते. मान वर करून ओरडते, "काय आप्पा, ठरलं का?"

"बघतोय," आप्पा म्हणतात.

गाव म्हणतं, आप्पांचा विचार काही संपत नाही. ठकूबाई म्हणते, "विचार केव्हाच संपलाय. एवढा थाटात निरोप घेतल्यावर 'नाही जात' म्हणायला लाजतात, झालं."

तर अशी सगळी सुखात आहेत. राजा मैदानात, आप्पा शिवेवर आणि तुम्ही पांघरुणात. आता पाय आत घ्या, आणि झोपा.