सासरी गेलेलं पाणी

धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यावर हिराबाई भांगरे चौथीला परिसर अभ्यास शिकवत. एकदा शहरातून मोठे साहेब शाळा तपासायला आले. त्यांनी मुलांना विचारलं, “तुमच्या भागाची साधनसंपत्ती कोणती?”

“पाणी!” सगळी पोरं एका सुरात ओरडली.

साहेब खो-खो हसले. “गावातला नळ कोरडा, बाया हंडे घेऊन झऱ्यावर, आणि म्हणे संपत्ती पाणी! बाई, धरणाचं पाणी आमच्या शहराचं. मुलांना नीट शिकवा.”

हिराबाईंच्या ते जिव्हारी लागलं. पण आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “साहेब, सासरी दिली म्हणून लेक माहेरची राहत नाही का? पाणी आमच्या डोंगरात जन्मलं, नांदायला तुमच्याकडे आलं. पण लेक दिवाळीला तरी माहेरी येते. आमचं पाणी तेवढंही येत नाही.”

साहेबांची मान खाली गेली. मग “वा, बाई!” म्हणत त्यांनी ‘अध्यापन उत्तम’ असा शेरा दिला आणि ते गाडीत बसून निघून गेले.

पोरं टाळ्या पिटत होती. हिराबाई मात्र दारातच उभ्या राहिल्या. साहेब खजील झाले होते, त्याच घडीला टँकर मागितला असता तर नाही म्हणाले नसते, हे त्यांना गाडी दिसेनाशी झाल्यावर सुचलं.