फ्लुरीनने अडवलेला चेंडू

डोंगरातल्या एका गावात एक भोळा पोस्टमन होता. फ्लुरीन त्याचं नाव. गाव त्रिमोंत देशातलं, आणि देश तरी केवढा? युरोपच्या नकाशावर माशी बसली की झाकून जाईल एवढा. फुटबॉलचा राष्ट्रीय संघ करायचा तर पोस्टमन, पाववाला, गवळी सगळ्यांनाच धरून आणावं लागे. फ्लुरीन अंगाने चांगला रुंद, म्हणून त्याला गोलकीपर केला.

संघाने जन्मात एकही सामना जिंकला नव्हता. प्रशिक्षक ओत्मार मास्तर वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. "जाण्याआधी एक विजय बघू द्या रे," एवढंच त्यांचं मागणं. फ्लुरीनचा मास्तरांवर फार जीव. त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं. तिथेच सगळा घोटाळा झाला.

पहिल्या सामन्यात चेंडू अलगद त्याच्या हातात आला. फ्लुरीनने तो बाहीने पुसला, पाहुण्यांच्या पायाशी नेऊन ठेवला आणि सलाम केला. गोल!

"अरे, हे काय केलंस?"

"मास्तर, तो त्यांच्याकडून चुकून आला होता. ज्याचं टपाल त्याला पोचवलं."

"वेड्या, समोरून येईल ते छातीशी कवटाळायचं आणि घेऊन खाली पडायचं!"

"बरं, मास्तर."

दुसऱ्या सामन्याआधी देशाचे राजेसाहेब हस्तांदोलनाला आले. हात पुढे करून फ्लुरीनच्या समोरूनच आले. फ्लुरीनने त्यांना छातीशी कवटाळलं आणि घेऊन खाली पडला. चार शिपायांनी ओढलं तेव्हा कुठे सोडलं.

"गाढवा! मोठा माणूस आला की टोपी काढायची, वाकायचं, बाजूला होऊन वाट द्यायची!"

"बरं, मास्तर."

सामना सुरू झाला. पाहुण्यांचा साडेसहा फुटी फॉरवर्ड धावत आला. एवढा मोठा माणूस! फ्लुरीनने टोपी काढली, वाकला, बाजूला झाला. गोल! त्या माणसाने आणखी आठ केले. वाकून वाकून फ्लुरीनची कंबर धरली.

मास्तरांनी कपाळ बडवून घेतलं. "अरे, तो परका! परक्याला अडवायचं. वाट द्यायची ती आपल्या माणसाला."

"बरं, मास्तर."

तिसऱ्या सामन्यात आपल्याच पाववाल्याने चेंडू हळूच मागे, फ्लुरीनकडे ढकलला. फ्लुरीन हसला. "ये, ये, आपलाच आहेस," म्हणत बाजूला झाला. गोल!

आता मात्र मास्तरांचा आवाज चिरकला. "कोणी मारला हे बघायचंच नाही! चेंडू जाळ्याकडे निघाला की झेप घालायची. आपला असो, परक्याचा असो, तुझ्या आईने मारलेला असो!"

"बरं, मास्तर." हे त्याने हातावर लिहूनच घेतलं.

मग शेवटचा सामना आला. त्या दिवशी धुकं असं उतरलं, की पाहुण्यांना गोल कुठे आहे तेच सापडेना. शून्य-शून्य. शेवटच्या मिनिटाला धुकं विरलं आणि काय नवल, त्रिमोंतला पेनल्टी मिळाली! पण मारणार कोण? पाच वाजून गेले होते. तिन्ही फॉरवर्ड गवळी, ते धारा काढायला निघून गेलेले. बाकीच्यांच्या पायांत गोळे आलेले.

"फ्लुरीन, तू मार! नुसता जाळ्याकडे मार, बाळा!"

"बरं, मास्तर."

फ्लुरीनने लाथ मारली. पाहुण्यांचा गोलकीपर डावीकडे झेपावला, चेंडू उजवीकडे निघाला. मोकळं जाळं! चेंडू आपला हळूहळू, रमतगमत चालला होता. लोक उभे राहिले. राजेसाहेबांनी टोपी उडवली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात फ्लुरीनला दिसलं, चेंडू जाळ्याकडे निघालाय! तो जीव खाऊन धावला, चेंडूच्या पुढे गेला, रेषेवर झेपावला आणि चेंडू छातीशी कवटाळून खाली पडला.

शिट्टी वाजली. सामना संपला. मास्तर मटकन खाली बसले.

फ्लुरीन चिखलाने माखलेला, चेंडू मिठीत घेऊन नाचत आला.

"मास्तर, अडवला! कोणी मारला ते बघितलंसुद्धा नाही!"