सातव्या नदीचा मंत्र

पूर्वी शाकलपुरात धृतसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रानातल्या वाटाड्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव ऋजुक. उत्तरेच्या निर्जन वाटेवर सात नद्या आडव्या येत. वाटसरूंना त्यातून पार नेणे हे त्याचे काम होते. तो सकाळी, पाणी उतरलेले असताना, पात्र पसरट असेल तिथूनच नेई. त्यासाठी कधी दोन दोन दिवस थांबावे लागे, पण त्याच्यामागून गेलेले सगळे सुखरूप परतत.

त्याच वाटेवर विंदक नावाचा दुसरा वाटाड्या होता. वाट त्यालाही तितकीच ठाऊक होती. तरी तळावर येणारे लोक ऋजुक कुठे आहे, असे त्यालाच विचारत. बोटाने दाखवताना त्याचा हात जड होई. त्याचा घास कडू झाला, झोप उडाली. त्याची बायको म्हणे, "त्यांच्यामागे पंधरा माणसे, तुमच्यामागे दोन. त्यातला एक माझा भाऊ."

ऋजुकाजवळ काहीतरी मंत्र आहे, असे विंदकाने मनाशी धरले. एकदा तो वेताच्या जाळीआड लपून बसला. पाण्यात उतरण्याआधी ऋजुक प्रत्येकाच्या छातीला हात लावून हळूच म्हणत होता, "सोड." विंदकाला वाटले, मंत्र सापडला.

दुसऱ्या सकाळी सातव्या नदीत तो मेहुण्याचा हात धरून उतरला. मधोमध पाण्याला ओढ लागली, तेव्हा त्याने मोठ्याने मंत्र म्हटला, "सोड."

मेहुण्याने हात सोडला.

पाठीवरच्या ओझ्याने त्याला पाण्याखाली ओढले. प्रवाहाच्या खालच्या अंगाला ऋजुक आपल्या माणसांसह थांबला होता. त्याने उडी घेतली, छातीवरची गाठ सुरीने कापली आणि बुडणाऱ्याला काठावर आणले. ओझे वाहून गेले. काय झाले, असे लोकांनी विचारले तेव्हा ऋजुक एवढेच म्हणाला की आज पाण्याला ओढ फार आहे.

लोक पांगल्यावर विंदक म्हणाला, "तू त्याला वाचवलेस, हेही मला सहन होत नाही. निदान खरा मंत्र सांग."

"अरे, मंत्र कसला? ओझ्याची गाठ सोड, असे सांगत होतो. पाय घसरला तर ओझे जावे, माणूस राहावा."

मग ऋजुकाने आपल्या पंधरा जणांना सांगितले की आज पुढे विंदक चालेल. तो स्वतः खालच्या अंगाला, छातीएवढ्या गार पाण्यात उभा राहिला. सगळे पार झाले. पलीकडे लोक विंदकाची वाहवा करू लागले. ती ऐकून पाण्यात कुडकुडणारा ऋजुक मनापासून हसला. ते हसणे विंदकाने पाहिले. वाहवा अर्ध्यावर टाकून तो परत पाण्यात शिरला आणि त्याने ऋजुकाला हात दिला.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, दुसऱ्याला मिळालेला मान पाहून जेवण टाकणारा आपल्यातला हा भिक्षू नंदिवास तेव्हा विंदक होता. त्याला आज समजावायला गेलेला सोमिल त्याचा मेहुणा होता. ऋजुक मीच होतो. दुसऱ्याच्या भल्यात आनंद मानणे, यालाच मुदिता म्हणतात."