चिंचेचा मुक्काम

एका उघड्या माळावर एक म्हातारी घोडी राहत असे. ती एका धनगराची. दरवर्षी दिवाळी सरली की धनगर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जाई, आणि त्याचं सगळं घर या घोडीच्या पाठीवर असे. घोंगड्या, तवा, भांडी, वर बांधलेली कोंबडी, आणि कडेला लोंबणाऱ्या झोळीत नवी कोकरं! पोचायला सव्वा महिना लागे. पण मुलांनो, आज वार कोणता, हे घोडीला कधी ठाऊकच नसे. तिच्या लेखी आज चिंचेचा दिवस, उद्या गार झऱ्याचा, आणि परवा नुसता लोळायचा.

एका वर्षी धनगराने टेम्पो ठरवला. मेंढा सर्वांच्या आधी टुणकन आत चढला. "घोडीआजी," तो ऐटीत म्हणाला, "आम्ही उद्या सकाळी कोकणात! तू ये सावकाश, संक्रांतीला." टेम्पो खच्चून भरला. एक मेंढी तेवढी खाली राहिली, कारण तिचं कोकरू कालच जन्मलं होतं आणि त्या गर्दीत ते चिरडलं असतं. बिचारीची आधीची दोन्ही कोकरं दगावली होती. ती रडू लागली, "हे तिसरंही आता वाटेतच जाणार!"

"काहीतरीच काय बोलतेस? तो मेंढासुद्धा याच झोळीतून गेलाय, माझं खोगीर चघळत," घोडी म्हणाली. धनगरणीने कोकरू झोळीत ठेवलं आणि ती मंडळी पायी निघाली.

पहिले काही दिवस कोकरू मानही उचलेना. चिंचेखाली पोचल्यावर घोडी तीन दिवस हललीच नाही. मेंढी कासावीस झाली. "अगं चल ना, उशीर होतोय!"

"कशाला उशीर होतोय?" घोडीने विचारलं.

मेंढीने पुढच्या वाटेकडे पाहिलं. मग तीही बसली. इथलं थोडं गवत, तिथलं थोडं पाणी, असं करत तिच्या अंगात दूध भरलं आणि चौथ्या मुक्कामाला कोकरू झोळीतून उतरून स्वतःच्या पायांनी चालू लागलं. झऱ्यावर त्याच्या नाकाला खेकडा चावला, तेव्हा मेंढी कित्येक दिवसांनी हसली. घोडी मात्र रिकाम्या काठाकडे बघत होती. "पूर्वी इथे पाय ठेवायला जागा नसे गं," ती म्हणाली. "चार कळपांच्या घंटा एकदम वाजायच्या. फार आठवण येते बघ." आणि तिचे डोळे भरून आले.

तिकडे कोकणात टेम्पोतली मेंढरं उपाशीपोटी उतरली होती. कधी न चाखलेलं हिरवंगार गवत दिसताच ती त्यावर तुटून पडली. एका सकाळीत पोटं फुगली, चार मेंढरं दगावली. घोडी पोचली तेव्हा मेंढा इतका वाळला होता, की त्याची नुसती हाडं दिसत होती. त्याच्यापुढे ते कोकरू उड्या मारत आलं आणि वाटेतल्या गमती सांगत सुटलं. मेंढा खाली मान घालून ऐकत होता. मध्येच त्याने हळूच विचारलं, "त्या झऱ्यावर अजून खेकडे आहेत का रे?"

"आहेत की! मला चावला ना एक!"

"मलाही चावला होता," मेंढा म्हणाला.

उन्हाळा सरत आला. परत न्यायला टेम्पो येऊन उभा राहिला. धनगराने किती हाकललं तरी मेंढा काही चढेना. तो घोडीच्या मागे जाऊन उभा राहिला. "आजी, तुझ्या झोळीत आता मी मावत नाही. मागून चालत येऊ का?"

"ये की," घोडी म्हणाली. "पण आधीच सांगते, चिंचेखाली तीन दिवस थांबायचंय."

तात्पर्य : पोचण्याच्या घाईत वाट गमावू नये; सावकाश चाललेली वाटच अंगी लागते.