मागचा जिना

“...पण बाबा, मी याला काय कमी केलं, ते तरी सांगा.”

श्रीरंग तोडणकर उभ्यानेच बोलत होता. मस्कतच्या एका बांधकाम कंपनीत चौदा वर्षं काढून तो कामगारांच्या कॅम्पचा प्रमुख झाला होता. दोनशे माणसं हाताखाली. त्यांतलाच एक, महादेव जोगळे नावाचा वेल्डर, दर्ग्याच्या ओट्यावर मान खाली घालून बसला होता. दोन महिने त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. कामावर जाणं सुटलं, मग जेवण सुटलं. शेवटी तोडणकरनेच रजा टाकून त्याला गावी आणलं होतं.

करीमबाबा खाडीकडे तोंड करून बसले होते. उमेदीची वीस वर्षं त्यांनी जहाजावर खलाशाचं काम केलं होतं. फकिरी आली ती त्यानंतर.

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं. गोळ्या चालू आहेत.”

“चालू ठेव. मग माझ्याकडे का?”

“बोलतच नाही तो. मन घट्ट करायला शिकवा त्याला. परमुलखात राहायचं तर माणसाला दगड व्हावं लागतं. मी नाही झालो?”

बाबांनी मान वळवून महादेवकडे पाहिलं.

तोडणकरने आवाज चढवला. “वडील गेले तेव्हा मी मस्कतलाच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कामावर हजर. डोळ्यांत टिपूस नाही.”

“कुणी पाहिलं?”

“काय?”

“टिपूस नाही, हे कुणी पाहिलं?”

“सगळ्या कॅम्पनं.”

“बरं...”

“साहेब मागच्या जिन्यात बसतात.”

आवाज इतका बारीक होता, की कोण बोललं हे तोडणकरला आधी कळलंच नाही. महादेव अजून जमिनीकडेच बघत होता.

“शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी. सगळे आडवे झाले की. तोंडात रुमाल कोंबून...”

तोडणकरची कानशिलं तापली. खोटं आहे, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. निघालं ते दुसरंच.

“तुला... कुणी सांगितलं?”

“मी वरच्या पायऱ्यांवर असायचो.” एवढ्या बोलण्यानेच महादेवला धाप लागली होती. “साहेब उठून जाईपर्यंत हलायचो नाही. वाटायचं, एकटं कसं सोडायचं...”

खाडीवरून वारा आला आणि गेला.

प्रमुख झाल्यापासून तोडणकर कुणा कामगाराच्या बरोबरीने बसला नव्हता. आता तो ओट्यावर टेकला, महादेवला लागूनच. खिशात हात घातला, रुमाल चाचपला, आणि तसाच राहू दिला. मग तो रडला. दर्ग्यात आलेली दोन-चार माणसं वळून बघत होती, तरी रडला.

महादेवने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच होता.

बाबा उठले. माठातलं पाणी दोन पेल्यांत ओतून त्यांनी दोघांपुढे ठेवलं.

“याला बरं करायला आणलं होतं मी, बाबा...”

बाबांनी एक पेला त्याच्याकडे सरकवला.

“नीट आठव,” ते म्हणाले. “आणलं कुणी कुणाला?”