सीतेच्या वेणीचं मागणं

ढग जिथे डोंगर उतरून झऱ्यावर पाणी प्यायला येतात, तिथे एक इवलीशी झोपडी होती. तिच्यात द्वारकी आणि तिची आई राहत. द्वारकीचे बाबा पुरात वाहून गेले, आणि त्या दिवशी आईने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. हाक मारली तर नुसतं "हं" म्हणायची. ताट वाढलं तर तसंच राहायचं. घरात दोन भांडी आणि एक फाटकी घोंगडी, त्याचं द्वारकीला काही वाटत नसे. आईचा चेहरा दिसत नाही, हे मात्र तिला फार फार लागायचं.

बाबांची एकच खूण मागे राहिली होती. वादळात मोडलेल्या फांदीवरून त्यांनी सीतेची वेणी घरी आणली होती आणि नारळाच्या सोडणाला, म्हणजे वरच्या केसाळ सालीला, बांधून छपराखाली टांगली होती. मातीवाचून जगणारं, हवेत मुळ्या सोडणारं नवलाचं झाड! शहरात त्याला ऑर्किड म्हणतात. बाबा म्हणाले होते, "ही फुलली काय, गुलाबी वेणी तुझ्या आयेच्या आंबाड्यात!"

पण छपराखाली सदा काळोख. झाड फुललं नाही. ते फुललं की आई उठेल, असं द्वारकीने मनाशी घट्ट धरलं होतं.

एकदा झऱ्याकाठी तिला झाडाच्या डिंकात काहीतरी चमचमताना दिसलं. इवलेसे पंख, मोरपंखी, सोनेरी झाक असलेले, आणि थरथरणारे. द्वारकीने ओंजळीने पाणी घालून घालून डिंक भिजवला आणि एकेक पंख हलक्या बोटांनी सोडवला. समोर बोटभर उंचीची परी उभी राहिली.

"बाळ, हे घे," परी म्हणाली. तिच्या तळहातावर उजेडाचे तीन थेंब होते. "एकेका थेंबाला एकेक इच्छा. पण मागायचं ते झाडासाठीच. माणसाचं दुःख पुसणं माझ्या हाती नाही. आणि दिलेलं मी परत घेत नाही."

थेंब ओंजळीत घेऊन द्वारकी धावत घरी आली, आणि परी तिच्या मागोमाग उडत आली. "हिका पोटभर खाऊक दी!" ती म्हणाली. पहिला थेंब विरघळला, आणि सोडणावर खताचा ढीग लागला. झाडाला पानंच पानं फुटली, जाड आणि काळपट हिरवी. कळी एकही नाही. उलट मुळ्यांची कोवळी टोकं जळून काळी पडली.

"मग हिका ऊन दी! खूप ऊन!" दुसरा थेंब विरघळला. छपराला खिडकी पडली आणि भर दुपारचं ऊन आत कोसळलं. संध्याकाळपर्यंत पानांवर तव्यावरच्या भाकरीसारखे करपट डाग उठले.

द्वारकी रडत बसली. हातात एकच थेंब राहिला होता.

"आत्ता म्हणालीस तर आत्ता फुलेल," परी हळूच म्हणाली. "पण ते तिचं शेवटचं फुलणं."

द्वारकीने आईच्या पाठीकडे पाहिलं. मग त्या भाजलेल्या पानांकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "तिका काय होया, ता माका कळांदे."

तिसरा थेंब द्वारकीच्या कानात टपकला आणि परी दिसेनाशी झाली. सगळं शांत झालं. आणि मग झाडाचा अगदी बारीक आवाज आला, "थोडं... कोवळं... सोसेल एवढं..."

द्वारकीने झऱ्याच्या पाण्याने मुळ्या धुतल्या. सोडण अंगणात पूर्वेला, हाताला येईल असं खाली टांगलं. वर माडाच्या पात्यांचा झाप बांधला, म्हणजे सकाळचं ऊन गाळून यावं. खत दिलं ते पेजेहून पातळ, तेही अधूनमधून. काळपट पानांवर हळूहळू पोपटी रंग चढला.

एका सकाळी ती आईपुढे ताट ठेवायला गेली आणि थबकली. आईच्या ताटातही ती रोज ढीगच वाढत होती! भर दुपारी दार सताड उघडत होती, आणि आई पदर डोळ्यांवर ओढून घेत होती. द्वारकीला स्वतःचीच लाज वाटली. तिने दार थोडंसंच उघडलं आणि वाटीभर पातळ पेज घेऊन नुसती जवळ बसली. आईने एक घोट घेतला. दुसऱ्या दिवशी दोन घेतले.

वैशाखात पानांच्या बेचक्यातून गुलाबी तुरा डोकावला. एका पहाटे तो उमलला आणि गोड वास झोपडीभर पसरला.

"गो द्वारके," भिंतीकडून आवाज आला, "कसलो गो ह्यो वास?"

आणि आई वळली. द्वारकीला आईचा चेहरा दिसला.

आई भिंतीला धरून अंगणात आली. द्वारकीने तुऱ्याला हात घातला, तसा आईने तिचा हात धरला. "तोडू नको. तिका फुलांदे." मग आई स्वतःच त्या सोडणाखाली बसली, आणि गुलाबी वेणी अलगद तिच्या अंबाड्यावर टेकली.

फुलातून मोरपंखी परी बाहेर आली. तिने द्वारकीच्या कपाळावर ओठ टेकवले आणि झापातून गाळून येणाऱ्या उजेडात ती उजेडच होऊन गेली.

द्वारकीची आई जशी उठली, तशी भिंतीकडे तोंड करून निजलेली प्रत्येक आई उठो.